आठवणींचे लेखापरीक्षण : पत्रकार डेव्हिड कार

वर्तमानपत्र रोज सकाळी साऱ्या जगाची झडती घेते. मंत्र्याने काय केले, महापालिकेत काय घडले, बाजार किती उतरला, कोणत्या कंपनीने दिवाळे काढले, हे सारे ते आपल्याला सांगते. परंतु खुद्द वर्तमानपत्राचा मालक कोण, त्याच्यावर कर्ज किती, त्याने छापलेली बातमी पारखलेली किती आणि ऐकीव किती, याची झडती कोणी घ्यायची? अमेरिकेतील मोठ्या दैनिकांत या कामासाठी स्वतंत्र वार्ताहर नेमलेला असतो. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, चित्रपट, पुस्तके आणि आता इंटरनेट हे त्याचे कार्यक्षेत्र. 'द न्यूयॉर्क टाइम्स'चे दिवंगत स्तंभलेखक डेव्हिड कार हे अशा वार्ताहरांतील अग्रगण्य नाव होते. दर सोमवारी व्यापारविषयक पानांवर येणारा त्यांचा 'द मीडिया इक्वेशन' हा स्तंभ वृत्तसृष्टीतील माणसे आवर्जून वाचत.

आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसेल. मलाही ते निवृत्तीनंतर, 'पेज वन' हा माहितीपट पाहताना प्रथम कळले आणि मग मी त्यांचे आत्मचरित्र मागवून वाचले. एम. कॉम. होऊन बँकेत शिरलेल्या माणसाने एका अमेरिकन पत्रकाराच्या आयुष्यात इतके रमावे, याचे कारण त्या पुस्तकाच्या पद्धतीत आहे. नोकरीची सारी वर्षे मी इतरांची खाती तपासण्यात घालवली. या गृहस्थांनी स्वतःचेच खाते तपासायला काढले आणि ते तपासताना स्वतःचा शब्द पुरावा म्हणून स्वीकारला नाही.

मिनियापोलिसची वर्षे

डेव्हिड कार यांचा जन्म ८ सप्टेंबर १९५६ रोजी मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरी झाला. घर आयरिश वंशाचे, कॅथलिक, सात भावंडांचे. महाविद्यालयीन शिक्षण रखडत पूर्ण झाले. पत्रकारितेतील त्यांची उमेदवारी 'ट्विन सिटीज रीडर' या साप्ताहिकात झाली. अमेरिकेतील मोठ्या शहरांत त्या काळी अशी साप्ताहिके फुकट वाटली जात आणि केवळ जाहिरातींवर चालत. पोलीस, राजकारण, संगीत, नाटक, उपाहारगृहे अशा सर्व विषयांवर त्यांत मोकळेपणाने लिहिले जाई. पगार बेताचा, परंतु शिकायला भरपूर. कार यांच्याकडे चिकाटी होती, माणसांना बोलते करण्याचे कसब होते आणि भाषेला धार होती.

या गुणांच्या जोडीला एक व्यसनही वाढत होते. आरंभी मद्य, मग कोकेन आणि त्यानंतर कोकेनचाच अधिक घातक प्रकार असलेले क्रॅक. दिवसा लोकप्रतिनिधींच्या मुलाखती आणि रात्री अमली पदार्थांचे अड्डे, असे दुहेरी जीवन काही काळ चालले. पुढे ते स्वतः कोकेन विकूही लागले. अटका झाल्या, नोकरी गेली. आपण स्त्रियांवर हात उगारला होता, हेही त्यांनी नंतर स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले आहे.

एप्रिल १९८८ मध्ये त्यांना जुळ्या मुली झाल्या. मुली अपुऱ्या दिवसांच्या होत्या, प्रत्येकीचे वजन दीड किलोहूनही कमी. आई आणि वडील दोघेही व्यसनाच्या पूर्ण आहारी गेलेले. त्यानंतर काही महिन्यांनी, थंडीच्या एका रात्री, कार या दोन तान्ह्या मुलींना मोटारीत तशाच ठेवून नशेचा पदार्थ घेण्यासाठी एका घरात शिरले. बाहेर आले तेव्हा बराच वेळ उलटून गेला होता. मुली सुखरूप होत्या, पण त्यात बापाचे कर्तृत्व काहीच नव्हते. हा प्रसंग त्यांनी पुढे सर्वांदेखत सांगितला आणि तो सांगताना स्वतःला कोणतीही सवलत दिली नाही.

त्यानंतर ते सहा महिन्यांच्या निवासी उपचारांसाठी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. मुली तात्पुरत्या दुसऱ्या कुटुंबाच्या सांभाळात गेल्या. केंद्रातून बाहेर पडल्यावर कार यांनी मुलींचा ताबा मिळवला आणि सरकारी मदतीच्या आधारावर, एकट्याने, त्यांना वाढवायला घेतले. याच सुमारास त्यांना हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग झाला. किरणोपचारांनी जीव वाचला, परंतु मान कायमची पुढे झुकली आणि आवाज घोगरा झाला. १९९४ मध्ये त्यांचा विवाह झाला, पुढे तिसरी मुलगी झाली. ज्या साप्ताहिकात उमेदवारी केली, त्याचेच ते संपादक झाले.

साठ साक्षी

सर्वसाधारण माणूस इथे थांबला असता. पडलेला मनुष्य उठला, सावरला, मोठ्या पदाला पोहोचला, अशी कथा जगाला आवडते आणि सांगणाऱ्यालाही ती सुखाची असते. कार यांना मात्र आपल्याच कथेविषयी शंका येऊ लागली. नशेत काढलेल्या वर्षांचे आपल्याला जे आठवते, ते तसेच घडले होते याला आधार काय?

त्यांची ही शंका काळाला धरून होती. जेम्स फ्रे नावाच्या लेखकाचे व्यसनमुक्तीवरील आत्मकथन ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमामुळे घरोघरी पोहोचले होते. जानेवारी २००६ मध्ये त्यातील महत्त्वाचे प्रसंग रचलेले अथवा फुगवलेले असल्याचे उघड झाले आणि मोठा गहजब उडाला. व्यसनी माणसाने स्वतःविषयी लिहिलेल्या पुस्तकावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक वाचकाच्या ओठांवर होता.

कार यांनी त्याचे उत्तर आपल्या व्यवसायाच्या शिस्तीत शोधले. कोणा तिऱ्हाईताविषयी वृत्तांत लिहायचा असता तर जे केले असते, तेच त्यांनी स्वतःविषयी केले. तीन वर्षे खर्चून साठ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित केल्या. जुने सोबती, जुने वरिष्ठ, पूर्वीच्या मैत्रिणी, मुलींची आई आणि मोठ्या झालेल्या मुलीही त्यांत होत्या. पोलिसांच्या नोंदी, न्यायालयाची कागदपत्रे आणि रुग्णालयांचे अहवाल मिळवून त्यांनी ते माणसांच्या कथनाशी ताडून पाहिले. त्यातून २००८ मध्ये 'द नाइट ऑफ द गन' हे आत्मचरित्र सिद्ध झाले.

पुस्तकाचे नाव ज्या प्रसंगावरून पडले, तो ऐकण्यासारखा आहे. १९८७ मध्ये नोकरी गेली त्या दिवशी कार नशेत एका मित्राच्या दारी जाऊन दंगा करू लागले. मित्राने पिस्तूल दाखवून त्यांना हुसकावले, अशी त्यांची वीस वर्षांची पक्की आठवण होती. मुलाखतीत त्या मित्राने सारे काही मान्य केले, एक गोष्ट सोडून. तो म्हणाला की पिस्तूल त्याच्या हाती नव्हते. ते कार यांच्या हाती होते. आपल्याकडे कधी पिस्तूल होते हेच कार यांना पटेना. पुढे दुसऱ्या एका परिचिताच्या सांगण्यातूनही तेच निघाले, तेव्हा त्यांना मित्राचे म्हणणे मान्य करणे भाग पडले.

मुलींच्या बाबतीतही असेच झाले. मुली जन्मल्या आणि आपण लागलीच सुधारलो, असा क्रम मनात बसला होता. कागदांवरील तारखा वेगळे सांगत होत्या. मुलींच्या जन्मानंतरही कित्येक महिने व्यसन तसेच चालू होते.

वाचकहो, कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत येणारा मनुष्य आपली हकीकत सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. धंदा बसला तो भागीदारामुळे, माल पडून राहिला तो मंदीमुळे, हप्ता चुकला तो आजारपणामुळे, असे त्याला मनापासून वाटत असते. तरीही बँक केवळ हकीकतीवर कर्ज देत नाही. ती खाते-उतारे पाहते, मालसाठ्याची नोंद मागते, पुरवठादारांकडे चौकशी करते. ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते पास करायचे नाही, हा नियम नव्या कारकुनाला पहिल्या आठवड्यातच शिकवला जातो. त्यात त्या कारकुनाचा अपमान नसतो. आपलीच बेरीज आपल्याला बरोबर दिसते, हा मनुष्यस्वभाव ओळखून केलेली ती व्यवस्था आहे. कार यांनी हा नियम स्वतःच्या स्मृतीला लावला. स्मृती मालकाच्या बाजूने नोंदी करते, असे त्यांना साठ साक्षींअंती आढळले.

या तपासणीत आणखी एक नोंद होती, आणि तीही त्यांनी झाकली नाही. सुमारे चौदा वर्षे निर्व्यसनी राहिल्यानंतर ते पुन्हा मद्य घेऊ लागले होते. 'टाइम्स'मधील नोकरी, प्रतिष्ठा, कुटुंब, सारे असताना हे घडले. पुन्हा उपचार घेऊन ते सावरले. व्यसन एकदा सुटले म्हणजे खाते कायमचे बंद झाले, असे नसते. रोजची नोंद रोज ठेवावी लागते, ही गोष्ट व्यसनमुक्तीच्या गोड कथांत सहसा येत नाही. कार यांच्या पुस्तकात ती आहे.

वर्तमानपत्रांचा वार्ताहर

१९९५ मध्ये कार 'वॉशिंग्टन सिटी पेपर' या साप्ताहिकाचे संपादक झाले. तेथे त्यांनी अनेक तरुणांना हात दिला. पुढे अमेरिकेतील अग्रगण्य लेखकांत ज्यांची गणना झाली ते ता-नेहिसी कोट्स, आणि दूरचित्रवाणीवरील नामवंत वृत्तनिवेदक जेक टॅपर, या दोघांनाही आरंभीच्या काळात कार यांच्या हाताखाली शिकायला मिळाले. २००० मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि २००२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, 'द न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रुजू झाले. त्यांच्याकडे प्रथम मासिकांच्या व्यवसायाचे वार्तांकन आले, स्तंभ त्यानंतर. ऑस्करच्या मोसमात ते हॉलिवूडविषयीही खेळकर, मिस्कील लेखन करीत.

त्यांचा स्तंभकाळ वर्तमानपत्रांच्या मोठ्या संकटाचा होता. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, वाचक फुकट वाचू लागले. खुद्द 'टाइम्स'ने जानेवारी २००९ मध्ये मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्याकडून २५ कोटी डॉलर घेतले, तेही चौदा टक्क्यांहून अधिक व्याजाने. असा दर सोसणाऱ्या ऋणकोची गरज किती निकडीची असेल, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. मार्च २०११ मध्ये 'टाइम्स'ने संकेतस्थळावरील मजकुरासाठी पैसे आकारायला सुरुवात केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते कर्ज मुदतीपूर्वी फेडले. या घालमेलीच्या काळात आपल्याच मालकसंस्थेच्या अडचणींविषयी लिहिण्याची वेळ कार यांच्यावर आली आणि त्यांनी ते टाळले नाही.

२०११ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'पेज वन' या माहितीपटात या काळाचे चित्रण आहे. त्यातील एका वादसभेत, जुन्या प्रसारमाध्यमांची आता गरज उरली नाही, असा पक्ष मांडला जात होता. प्रतिपक्षात 'न्यूजर' या संकेतस्थळाचे मायकेल वुल्फ होते. इतरांच्या बातम्यांचा गोषवारा देणारे हे संकेतस्थळ. कार यांनी त्याच्या मुख्य पानाची छापील प्रत सभेला दाखवली. मग तीच प्रत पुन्हा धरली. आता जुन्या वर्तमानपत्रांतून उचललेला सारा मजकूर कापून काढलेला होता. कागदाची चाळण झाली होती. कच्चा माल कोण पुरवतो आणि दुकान कोणाच्या नावाने चालते, हा हिशेब त्यांनी एका कागदात मांडला.

त्यांच्या वार्तांकनातील सर्वांत गाजलेले प्रकरण ट्रिब्यून कंपनीचे. 'शिकागो ट्रिब्यून' आणि 'लॉस एंजेलिस टाइम्स' यांसारखी मातबर दैनिके या कंपनीच्या मालकीची होती. २००७ मध्ये सॅम झेल या स्थावर मालमत्तेच्या व्यापाऱ्याने ती ताब्यात घेतली. व्यवहार अब्जावधी डॉलरांचा, स्वतःची रक्कम त्यामानाने अल्प, बाकी सारे कर्ज, आणि मालकीची रचना कर्मचाऱ्यांच्या समभाग योजनेच्या आडून केलेली. डिसेंबर २००८ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलरच्या कर्जाखाली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि वरिष्ठांना मात्र बोनस मिळत राहिले.

ऑक्टोबर २०१० मध्ये कार यांचा दीर्घ वृत्तांत 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर आला. वीसहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून तो लिहिला होता. आकड्यांबरोबरच कंपनीच्या वरिष्ठ वर्तुळातील असभ्य, स्त्रियांना अवमानकारक वातावरणाचे त्यात पुराव्यांसह वर्णन होते. वृत्तांत येण्याच्या आधीच मुख्याधिकारी रँडी मायकेल्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्याच महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. हे सारे एका स्पर्धक वर्तमानपत्राविषयी होते. त्यात एक जरी चूक सापडली असती, तरी द्वेषाचा आरोप होऊन सारा वृत्तांत मातीत गेला असता. म्हणूनच प्रत्येक वाक्यामागे कोणाची तरी साक्ष उभी होती. स्वतःच्या आयुष्याला लावलेला आणि कंपनीला लावलेला दंडक एकच होता.

शेवटचा आठवडा

२०१४ मध्ये कार यांनी बोस्टन विद्यापीठात अध्यापन सुरू केले. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन तपासावे, सुधारावे, यावर त्यांचा भर होता. स्वतःच्या हुशारीबरोबरच शेजारच्याच्या कामाला आपण काय हातभार लावला, यालाही त्यांच्या वर्गात मोल होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेत ब्रायन विल्यम्स यांचे प्रकरण पेटले. एनबीसी वाहिनीचे हे ख्यातनाम वृत्तनिवेदक. २००३ साली इराकमध्ये आपण बसलेल्या हेलिकॉप्टरवर मारा झाला, असे ते सांगत आले होते. वास्तविक मारा दुसऱ्या हेलिकॉप्टरवर झाला होता. वाहिनीने त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केले. कार यांचा अखेरच्या सोमवारचा स्तंभ याच विषयावर होता. वारंवार सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या नकळत कशी चकाकत जाते, हे ज्याने आपल्याच आयुष्यात तपासून पाहिले होते, त्याच्याखेरीज या विषयावर लिहिण्याचा अधिकार अधिक कोणाला असणार?

१२ फेब्रुवारी २०१५ रोजी सायंकाळी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एका जाहीर परिसंवादाचे सूत्रसंचालन केले. एडवर्ड स्नोडेन मॉस्कोहून पडद्यावर सहभागी झाले होते. चित्रपटकार लॉरा पॉइट्रस आणि पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड व्यासपीठावर होते. कार्यक्रम आटोपून कार कचेरीत परतले आणि तेथेच, वृत्तकक्षात, कोसळले. रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. वय ५८. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरला होता, असे नंतरच्या तपासणीत आढळले.

ज्या दोन जुळ्या मुली त्या रात्री मोटारीत राहिल्या होत्या, त्यांपैकी एरिन ली कार आज माहितीपटकार आहेत. वडिलांनी पाठवलेल्या ई-मेल आणि संदेशांच्या आधारे त्यांनी २०१९ मध्ये स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. मद्याशी झालेला आपला स्वतःचा झगडाही त्यांनी त्यात लपवला नाही. वडिलांनी मांडलेली वही लेकीने पुढे चालवली.

आपल्या घरातील वही

व्यापारी घराण्यांना स्वतःचा इतिहास सांगण्याची हौस असते आणि ती रास्तही आहे. पेढीला पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षे झाली की स्मरणिका निघते. आजोबा लोटा-दोरी घेऊन गावात आले, कष्टाने दुकान थाटले, कोणाचा पैसा बुडवला नाही, असे तीत लिहिलेले असते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु ते कोणाला विचारून लिहिले? भागीदारीतून बाहेर पडलेल्या चुलत्याला विचारले का? चाळीस वर्षे वह्या लिहिलेल्या मुनीमजींना? पहाटे उठून वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आणि दागिने गहाण ठेवायला देणाऱ्या आजीला? त्यांच्या साक्षी घेतल्या तर पिस्तूल भलत्याच हाती निघण्याचा संभव असतो. म्हणूनच त्या साक्षी सहसा घेतल्या जात नाहीत.

व्यसनाचे तर आणखी अवघड. घरातला मुलगा मद्याच्या किंवा जुगाराच्या नादी लागला, तर आपण पहिला विचार त्याच्या बहिणीच्या सोयरिकीचा करतो. गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून उपचार लांबतात, दुकानाच्या गल्ल्यातून रक्कम जात राहते, आणि सारे जाणूनही जो तो गप्प राहतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर थकलेले कर्ज नवे कर्ज देऊन चालू दाखवण्यासारखेच हे. ताळेबंद वर्षभर स्वच्छ दिसतो; मुद्दल मात्र बुडत असते.

कार यांच्या वागणुकीतील सगळेच अनुकरणीय नव्हते, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. ज्यांना त्यांनी दुखावले, त्यांच्यासमोर मुलाखतीची वही उघडून बसणे एवढेच त्यांनी केले. समोरच्याने जे सांगितले ते खोडले नाही. त्यामुळे त्यांची पत कमी होईल, असे कोणालाही वाटले असते. घडले उलट. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतरही ते सहा वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित दैनिकात इतरांच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करीत राहिले, आणि हा निवाडा करणारे तुम्ही कोण, असे विचारायला गेलेल्याला उत्तर आधीच छापलेले सापडे.

पुढची स्मरणिका काढण्याचा योग ज्या घरात येईल, तेथे निदान एक पान तरी घराबाहेरच्या अथवा घरात गप्प राहिलेल्या साक्षीदाराला द्यावे. त्याने लिहिलेले संपादकांनी तपासावे जरूर, परंतु खोडू नये.